कर्करोग मेंदूत पसरला, पण मूळ सापडत नाही: आयुष्य किती, हे आकडे कसे सांगतात?

एखाद्या धडधाकट माणसाला अचानक फिट येते, किंवा चालताना एक पाय ओढला जाऊ लागतो, किंवा बोलता बोलता रोजच्या वापरातले शब्द आठवेनासे होतात. मेंदूचा एमआरआय केला जातो आणि त्यात एक किंवा अनेक गाठी दिसतात. त्यांचे स्वरूप पाहून डॉक्टरांना शंका येते, की हा मेंदूतच उपजलेला कर्करोग नसून शरीरात दुसरीकडे सुरू झालेला आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत आलेला कर्करोग असावा. मग छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन होतो, पेट स्कॅन होतो, स्तन, त्वचा, वृषण, थायरॉइड सगळे तपासले जाते, आणि तरीही सुरुवात कुठून झाली याचे उत्तर मिळत नाही. मेंदूत कर्करोग पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण १५ टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये निदानाच्या वेळी मूळ ठाऊक नसते.

अशा वेळी घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘किती दिवस?’ हा. त्याचे उत्तर शोधताना कुठे ‘तीन महिने’ असा आकडा वाचायला मिळतो, कुठे ‘सहा’, तर कुठे ‘अकरा’. हे सगळे आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र ते वेगवेगळ्या रुग्णांचे आहेत. मूळ कुठे आहे या प्रश्नाभोवती सगळ्यांचे लक्ष एकवटते, पण रुग्णाचे आयुष्य ठरण्यात इतर काही गोष्टींचा वाटा अनेकदा त्याहून मोठा असतो, आणि त्या गोष्टी पहिल्या आठ-पंधरा दिवसांत बऱ्याच अंशी कळू शकतात. म्हणून हा आजार थोडा मुळापासून समजून घेतला पाहिजे.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ ते २० टक्के भाग मेंदूला जातो. बहुतेक अवयवांतून सुटलेल्या कर्कपेशींना मेंदूपर्यंत जाण्याआधी फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून पार व्हावे लागते. फुप्फुसातच सुरू झालेल्या कर्करोगाच्या पेशी मात्र तिथून थेट हृदयाच्या डाव्या बाजूला आणि पुढे मेंदूकडे जातात. मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाचा क्रमांक पहिला असण्यामागे हे एक मोठे कारण आहे. पुढे काही महिन्यांनी मूळ सापडलेच, तर तेही बहुतेक वेळा फुप्फुसातच सापडते. मेंदूत पोहोचलेल्या पेशी करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, जिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात, तिथे अडकतात. सुमारे ८० टक्के गाठी मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत आणि उरलेल्या मेंदूच्या देठात आढळतात. अर्थात अडकलेली प्रत्येक पेशी वाढतेच असे नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडले होते, की कर्कपेशी हे बी आहे आणि ते मानवेल त्याच मातीत रुजते. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या काही पेशींना मेंदूची माती मानवते, आणि पुर:स्थ ग्रंथीच्या कर्करोगाला ती क्वचितच मानवते, हे नंतरच्या शंभर वर्षांच्या अनुभवाने दिसले आहे.

मग मूळ गाठ दिसत का नाही? कधी ती इतकी लहान असते, की आजच्या कोणत्याही स्कॅनच्या टप्प्यात येत नाही. अशा गाठी वाढण्याआधीच पसरण्याच्या स्वभावाच्या असतात. कधी शरीराची प्रतिकारशक्ती मूळ गाठ नष्ट करते आणि पसरलेल्या पेशी तेवढ्या मागे उरतात. मेलानोमात हे विशेष दिसते, आणि मूळ न सापडलेल्या मेलानोमाचे रुग्ण मूळ सापडलेल्यांपेक्षा काही अभ्यासांत जास्त जगलेले आढळले, ते बहुधा याच प्रतिकारशक्तीमुळे. मूळ न सापडणे म्हणजे आजार हमखास अधिक वाईट, हा समज त्यामुळे दुरुस्त करायला हवा. मृत्यूनंतर केलेल्या शवविच्छेदनांत अशा रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांमध्ये मूळ गाठ सापडते, आणि ती बहुतेकदा फुप्फुसात किंवा स्वादुपिंडात असते. उरलेल्यांमध्ये ती तेव्हाही सापडत नाही.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि घाईत नेमकी तीच सुटण्याची भीती असते. स्कॅनवर दिसणारी गाठ खरोखरच पसरलेला कर्करोग आहे का, हे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. कडेने उजळणारी आणि आत पोकळ दिसणारी गाठ क्षयरोगाची असू शकते, पू झालेली असू शकते, मेंदूतच उपजलेल्या कर्करोगाचीही असू शकते. १९९० मध्ये रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, मेंदूत एकच गाठ असलेल्या आणि शरीरात अन्यत्र कर्करोग असल्याचे आधीच ठाऊक असलेल्या ५४ रुग्णांचे तुकडे तपासले गेले, आणि त्यांतल्या ६ जणांची गाठ मुळात पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच. कर्करोग ठाऊक असताना इतकी चूक होऊ शकते, तर शरीरात कुठेच काही सापडलेले नसताना केवळ स्कॅनवर भरवसा ठेवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. शरीरात दुसरीकडे, म्हणजे लसिकाग्रंथीत किंवा यकृतात, सहज हाती येणारी गाठ असेल तर तुकडा तिथूनच घेतात. नसेल तर मेंदूतूनच घ्यावा लागतो.

इथे एक बारकावा घरच्यांनाही माहीत असलेला बरा. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले जाते आणि त्याने एक-दोन दिवसांत डोकेदुखी, लुळेपणा बराच कमी होतो. परंतु मेंदूत लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, असण्याची शंका असेल, तर तुकडा घेण्याआधी स्टिरॉइड दिल्याने गाठ विरघळल्यासारखी होते आणि तपासणीत निदान हाती लागत नाही. म्हणून रुग्णाची अवस्था परवानगी देत असेल तर डॉक्टर काही दिवस थांबतात. हे थांबणे पाहणाऱ्याला निष्काळजीपणाचे वाटू शकते, पण त्यामागे कारण असते. सूज जिवावर बेतणारी असेल तर अर्थातच कुणी थांबत नाही.

तुकडा प्रयोगशाळेत गेल्यावर पेशींवरील प्रथिनांना रंग देऊन त्या कोणत्या अवयवाच्या वळणाच्या आहेत, याचा माग काढला जातो. टीटीएफ-१ हे प्रथिन सापडले तर फुप्फुसाकडे बोट दाखवले जाते, सीडीएक्स-२ मोठ्या आतड्याकडे, गाटा-३ स्तनाकडे किंवा मूत्राशयाकडे, पॅक्स-८ मूत्रपिंड, बीजांडकोश किंवा थायरॉइडकडे, तर एसओएक्स-१० मेलानोमाकडे. स्कॅनमध्ये फुप्फुस स्वच्छ दिसत असले तरी पेशींवर फुप्फुसाची ओळख उमटलेली असली, तर उपचार फुप्फुसाच्या कर्करोगाप्रमाणे करता येतात. तरुण पुरुष रुग्ण असेल तर रक्तातील बीटा-एचसीजी आणि एएफपी या कर्करोगाचा सुगावा देणाऱ्या पदार्थांची तपासणी कधीही सुटता कामा नये, कारण बीजपेशींचा कर्करोग मेंदूत पोहोचल्यावरही केमोथेरपीने बरा होण्याची शक्यता बाळगून असतो.

आता आकड्यांकडे वळू. उपचारांशिवाय, मेंदूत पसरलेल्या कर्करोगाचे मध्यांक आयुर्मान जुन्या नोंदींत सुमारे १ महिना दिसते. केवळ स्टिरॉइडने ते सुमारे २ महिन्यांवर जाते, आणि संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यावर ३ ते ६ महिन्यांपर्यंत. मध्यांक म्हणजे असा टप्पा, की त्या काळापर्यंत निम्मे रुग्ण गेलेले असतात आणि निम्मे हयात असतात. तो कोणा एका रुग्णाचा मुक्रर केलेला दिवस नसतो. त्या रेषेच्या पुढे असलेल्या निम्म्या माणसांमध्ये काही थोडेच पुढे जातात आणि काही कित्येक पट पुढे जातात. पसरलेल्या कर्करोगाच्या अनेक चाचण्यांचे आकडे तपासून ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञांनी एक उपयोगी ठोकताळा मांडला आहे: मध्यांकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या काळात साधारण निम्मे रुग्ण येतात, आणि सुमारे १० टक्के रुग्ण मध्यांकाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक काळ जगतात. म्हणजे मध्यांक ६ महिने असेल, तर निम्म्या रुग्णांसाठी तो काळ ३ ते १२ महिन्यांचा असतो आणि दहातला एक दीड वर्षाच्या पुढे जातो. एका आकड्याऐवजी असा पल्ला सांगितला, तर तो खरेपणाच्या अधिक जवळ जातो आणि घरच्यांना त्यावरून काही ठरवताही येते.

रुग्णांची वर्गवारी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९७ मध्ये अमेरिकेत झाला. त्यात रुग्णाची कार्यक्षमता, वय, मूळ गाठ आटोक्यात आहे की नाही आणि कर्करोग मेंदूबाहेर पसरला आहे का, या चार गोष्टी पाहिल्या गेल्या. कार्यक्षमता कार्नोफ्स्की गुणांनी मोजतात. १०० म्हणजे काहीच त्रास नाही, ७० म्हणजे कामधंदा जमत नाही पण आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचे स्वतः होते, आणि त्याखाली दुसऱ्याची मदत लागते. सर्वांत चांगल्या गटाचे मध्यांक आयुर्मान ७.१ महिने, मधल्या गटाचे ४.२ आणि कार्यक्षमता ७० च्या खाली असलेल्यांचे २.३ महिने आले. परंतु मूळच सापडलेले नसताना ते ‘आटोक्यात आहे’ असे म्हणायचे की ‘नाही’? आपल्या रुग्णांसाठी ही वर्गवारी इथेच अडखळते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीत, जी १,९६० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेली आहे, मूळ गाठीचा मुद्दाच वगळला गेला. म्हणून मूळ अज्ञात असलेल्या रुग्णासाठी ती मला अधिक समर्पक वाटते. तीत चार गोष्टींना प्रत्येकी शून्य, अर्धा किंवा एक गुण मिळतो. वय ५० च्या आत असेल तर एक, पन्नाशीत असेल तर अर्धा, त्यापुढे शून्य. कार्यक्षमता ९० किंवा १०० असेल तर एक, ७० ते ८० असेल तर अर्धा, त्याखाली शून्य. मेंदूत गाठ एकच असेल तर एक, दोन-तीन असतील तर अर्धा, त्याहून जास्त असतील तर शून्य. मेंदूबाहेर कुठे प्रसार नसेल तर एक, असेल तर शून्य. एकूण गुण शून्य ते एक असले तर मध्यांक आयुर्मान २.६ महिने, दीड ते अडीच असले तर ३.८, तीन असले तर ६.९ आणि साडेतीन किंवा चार असले तर ११.० महिने.

हे प्रत्यक्ष उदाहरणावर लावून पाहू. ५६ वर्षांची एक स्त्री आहे, तिची कार्यक्षमता ८० आहे, मेंदूत दोन गाठी आहेत आणि यकृतातही एक ठिपका आहे. तिचे गुण अर्धा, अर्धा, अर्धा आणि शून्य मिळून दीड होतात, म्हणजे मध्यांक ३.८ महिने. त्याच वयाच्या आणि त्याच कार्यक्षमतेच्या दुसऱ्या स्त्रीच्या मेंदूत एकच गाठ आहे आणि बाकी शरीर स्वच्छ आहे. तिचे गुण तीन, आणि मध्यांक ६.९ महिने. दोघींचेही मूळ अज्ञातच आहे, तरी फरक जवळपास दुपटीचा आहे. शिवाय हे आकडे बऱ्याच जुन्या काळातल्या, मुख्यतः संपूर्ण मेंदूच्या किरणोपचारांवर चाललेल्या रुग्णांचे आहेत.

आकड्यांत आणखी एक गोम आहे. जे रुग्ण काही महिने जगतात, त्यांच्या पुढच्या स्कॅनमध्ये मूळ सापडण्याची शक्यता वाढते, आणि ते सापडले की पुष्कळदा त्यांची नोंद ‘अज्ञात’ या रकान्यातून निघून फुप्फुस किंवा अन्य अवयवाच्या रकान्यात जाते. उलट, तपासण्या पूर्ण होण्याआधीच जे दगावतात, त्यांची नोंद ‘अज्ञात’ म्हणूनच राहते. त्यामुळे या रकान्यातले आकडे आहेत त्यापेक्षा थोडे अधिक वाईट दिसतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या अहवालांत नेमके उलटे घडते, कारण शस्त्रक्रियेसाठी मुळातच सुदृढ रुग्ण निवडले जातात. त्यांचे जास्त महिने सगळेच शस्त्रक्रियेचे श्रेय म्हणून मोजणे बरोबर नाही.

उपचारांमुळे खरोखर किती फरक पडतो, हे पाहायचे तर पुन्हा पॅचेल यांच्या अभ्यासाकडे जावे लागते. एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांपैकी ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढून मग संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिले, ते मध्यांकाने ४० आठवडे जगले. केवळ किरणोपचार मिळालेले १५ आठवडे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या गटातील रुग्ण ३८ आठवडे स्वावलंबी राहिले आणि दुसऱ्या गटातील ८ आठवडे. महिने किती मिळाले याबरोबरच त्यातले किती महिने आपल्या पायांवर गेले, हे विचारण्याची सवय डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनीही लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

गाठी लहान आणि मोजक्या असतील तर आज रेडिओसर्जरी केली जाते. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली: अनेक दिशांनी येणारे बारीक किरण एकाच बिंदूवर एकवटायचे, म्हणजे गाठीला जबर मात्रा मिळते आणि शेजारच्या मेंदूला फारशी झळ लागत नाही. त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही. संपूर्ण मेंदूच्या किरणोपचारांनी नवीन गाठी उगवण्याचे प्रमाण कमी होते हे खरे, पण स्मरणशक्तीला त्याची किंमत मोजावी लागते. मोजक्या गाठींवर रेडिओसर्जरी केल्यावर वर संपूर्ण मेंदूलाही किरण दिले तर आयुष्य वाढत नाही आणि आठवण मात्र अधिक खालावते, असे तुलनात्मक चाचण्यांतून दिसले आहे. त्यामुळे आता अशा रुग्णांत नुसती रेडिओसर्जरी करून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय काढत राहण्याकडे कल आहे. संपूर्ण मेंदूला किरण देणे भागच असेल, तर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग किरणांपासून वाचवण्याचे तंत्र आणि सोबत मेमँटीन हे औषध वापरता येते.

ज्यांची अवस्था फार खालावलेली आहे, त्यांच्या बाबतीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली क्वार्ट्झ ही चाचणी डोळ्यांसमोर ठेवावी. ती मूळ अज्ञात असलेल्यांची नव्हती. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या, शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरीला योग्य नसलेल्या ५३८ रुग्णांची होती. त्यांना एक तर स्टिरॉइड व आधारभूत सेवा, नाही तर त्याच्या जोडीला संपूर्ण मेंदूचे किरणोपचार देण्यात आले. मध्यांक आयुर्मान अनुक्रमे ८.५ आणि ९.२ आठवडे आले, आणि जगण्याच्या दर्जातही ठळक फरक दिसला नाही. अशा रुग्णाला रोज रुग्णालयात नेऊन किरणोपचार देण्यापेक्षा घरी वेदनारहित, शांतपणे राहू देणे हा उपचार सोडून देण्याचा प्रकार नव्हे. तोही विचारपूर्वक केलेला उपचारच असतो.

औषधांच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत बरेच बदलले आहे. मेंदूच्या केशवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते, की नेहमीच्या केमोथेरपीची बरीचशी औषधे आत पुरेशी पोहोचत नाहीत. ऑसिमेर्टिनिब, अलेक्टिनिब यांसारखी काही नवी औषधे मात्र आत पोहोचतात आणि मेंदूतल्या गाठी लहान करतात. त्यासाठी गाठीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला नेमका बदल सापडावा लागतो. असा बदल असलेल्या आणि अवस्था उत्तम असलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांचे, मेंदूत प्रसार झाल्यानंतरचे मध्यांक आयुर्मान २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत जवळपास चार वर्षे आले. काही औषधांना तर अवयवाची अटच उरलेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला, २०१८ मध्ये लॅरोट्रेक्टिनिबला आणि २०२२ मध्ये डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या जोडीला, कर्करोग कुठे सुरू झाला यापेक्षा गाठीत कोणता जनुकीय बदल आहे, यावर मान्यता दिली. मूळ सापडत नसलेल्या रुग्णासाठी ही दिशा थेट उपयोगाची आहे. मात्र असे बदल थोड्याच रुग्णांत सापडतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्युपिस्को चाचणीत, मूळ अज्ञात असलेल्या आणि केमोथेरपीच्या सुरुवातीच्या तीन फेऱ्यांनी आजार आटोक्यात राहिलेल्या रुग्णांना जनुकीय तपासणीवर बेतलेले उपचार दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यांक काळ ४.४ वरून ६.१ महिन्यांवर गेला. वाढ खरी आहे, आणि माफकही आहे.

म्हणून तुकडा घेताना तो जनुकीय तपासणीलाही पुरेल इतका घेतला आहे का, आणि उरलेला मेणात जतन केला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. दुसरे मत घेताना अहवालाच्या कागदांबरोबर तो मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्याही सोबत न्याव्यात, म्हणजे मेंदूची शस्त्रक्रिया पुन्हा करण्याची वेळ येत नाही. सगळ्या तपासण्या नीट झाल्यावरही मूळ सापडले नाही, तर त्याच त्या तपासण्या वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा करत आठवडे घालवू नयेत. तोवर मेंदूतली गाठ वाढत असते, रुग्णाची कार्यक्षमता घसरत असते, आणि ८० वरून ६० वर आलेला रुग्ण वरच्या मोजणीत अर्धा गुण गमावतो. मेंदूतल्या गाठीवरचा उपचार मूळ सापडण्याची वाट न पाहता सुरू करता येतो, आणि मुळाचा शोध पुढच्या प्रत्येक स्कॅनबरोबर आपोआप चालूच राहतो.